आहार, दाह आणि कर्करोगाचा धोका

‘आमच्या खाण्यापिण्यात काही चुकलं का?’ कर्करोगाचे निदान झाल्यावर रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न विचारतात, तेव्हा त्यात कुतूहलापेक्षा अपराधीपणाच अधिक असतो. म्हणून उत्तर आधीच सांगतो. आहाराने धोका बदलतो. पण तो वर्षानुवर्षांच्या सवयींनी बदलतो, आणि हजारो माणसांच्या समूहात तो मोजता आला, तरी एकाच माणसाच्या आजाराचे खापर त्याच्या ताटावर फोडता येत नाही.

दाह मुळात शरीराचा रक्षक आहे. बोट कापले की ते लाल होते, सुजते, ठणकते आणि काही दिवसांत निवते. घातक ठरतो तो न निवणारा दाह, कारण त्यात पेशींना सतत इजा होत राहते, त्या भरून काढण्यासाठी पुन्हा पुन्हा विभाजन होते आणि प्रत्येक विभाजनात जनुकीय चुकीला वाव मिळतो. कर्करोगाच्या गाठींमध्ये दाहाच्या जागी जमणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी असल्याचे जर्मन वैद्यक संशोधक रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते.

आहाराचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो मोठ्या आतड्यात. धान्याचा कोंडा, डाळी आणि भाज्या यांतील तंतू आपल्याला पचत नाहीत; ते तसेच खाली उतरतात आणि तिथले जिवाणू ते आंबवून ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन हेच असते, शिवाय ते तिथला दाहही आटोक्यात ठेवते. उलट, प्रक्रिया करून टिकवलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवले. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरांतील पाच जणांना हा आजार होणार असेल, तर पाचाचे जवळपास सहा होतात. ही वाढ खरी आहे, पण तिला तंबाखूच्या पंक्तीला बसवणे चूक होय. मद्य आणि लठ्ठपणा यांविषयीचा पुरावाही पक्का आहे. अतिरिक्त चरबी स्वतःच दाह वाढवणारे रेणू रक्तात सोडत असते.

मात्र अन्नातला एखादा घटक वेगळा काढून त्याची गोळी केली, की हा हिशेब उलटू शकतो. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटिनच्या, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांतील नारिंगी रंगद्रव्याच्या, गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. ‘दाहशामक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डबीपुढे मला ही चाचणी आठवते.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. ‘साखरेवर गाठ पोसते’ असे ऐकून काही रुग्ण उपचार चालू असतानाच जेवण तोडतात. शरीर गरजेपुरती साखर स्वतः तयार करतेच, त्यामुळे गाठ उपाशी राहत नाही. वजन आणि स्नायू मात्र झडतात आणि केमोथेरपी सोसवेनाशी होते. त्या काळात पुरेसे उष्मांक आणि प्रथिने पोटात जाणे अधिक महत्त्वाचे असते. पथ्य पाळायचेच असेल, तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.