उंदराच्या पेशीत माणसाची अक्षरं

नमस्कार, श्रोतेहो. लांब शेवया उचलताना मधेच तुटतात, हे तुम्हाला सांगायला नको. डीएनएचंही तसंच. डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांची लांब साखळीच. माणसाचा लांबलचक डीएनए उंदराच्या पेशीत न्यायला जावं, तर तो तुटतो. न तुटता पोचलाच, तर भलत्याच जागी जाऊन बसतो. म्हणजे अडचणी दोन: लांबी आणि जागा.

जागेची अडचण सोडवणाऱ्यांपैकी एक मारिओ कापेकी. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जन्म १९३७चा, इटलीतल्या व्हेरोनाचा. युद्धकाळात आईला अटक झाली. तिनं ज्या शेतकऱ्याकडे मुलाला ठेवलं होतं, त्याच्याकडचे पैसे संपले आणि साडेचार वर्षांचं पोर रस्त्यावर आलं. कापेकी सांगतात, शेवटी रेज्जो एमिलियाच्या इस्पितळात दिवसाला वाडगाभर चिकोरीची कॉफी आणि पावाचा एक तुकडा मिळायचा. सुटून आलेल्या आईनं त्याला तिथे शोधून काढलं, त्या दिवशी त्याचा नववा वाढदिवस होता! रोमला नेऊन तिनं त्याला अंघोळ घातली. सहा वर्षांतली पहिली अंघोळ.

तोच मुलगा अमेरिकेत शास्त्रज्ञ झाला. १९८० साली त्यांनी सरकारी अनुदान मागितलं. नेमक्या जागीच जनुक बदलायचं होतं. परीक्षक म्हणाले, हे जमायचं नाही, नाद सोडा. कापेकींनी अर्जातल्या इतर कामांसाठी मिळालेला बहुतेक पैसा ह्याच कामात घातला. चार वर्षांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा उत्तर आलं: आमचं ऐकलं नाहीत, बरं झालं. २००७ साली त्यांना नोबेल मिळालं, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्यासोबत.

आपल्या शाळांत मात्र प्रयोगाआधीच जर्नलात निष्कर्ष लिहून तयार असतो. मला ते मुळीच पटत नाही. मुलांचा प्रयोग चुकू द्या हो!

तर युक्ती अशी: माणसाच्या डीएनएच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना उंदराच्या डीएनएतल्या हव्या त्या जागेचीच अक्षरं ठेवायची. टोकं जुळली की पेशी स्वतःच अदलाबदल करते. पुन्हा सांगतो, टोकं जुळली की जागा सापडली. लांबीसाठी मोठे तुकडे जिवाणूंत जपायचे आणि उंदराच्या पेशीत एकामागून एक बसवत जायचे. अमेरिकेतल्या रिजेनेरॉन कंपनीनं असं करत उंदराच्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे रोगजंतूंना अडवणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांतली सुमारे ६० लाख अक्षरं बदलून तिथे माणसाची घातली. अशा उंदरांची प्रतिपिंडं आपल्या शरीराला सहसा परकी वाटत नाहीत, म्हणून ती औषध म्हणून चालतात. इबोलावर २०२० साली अमेरिकेत मंजूर झालेल्या औषधात तीन प्रतिपिंडं आहेत. तिन्ही याच उंदरांकडून आलेली.

नमस्कार.