सीमाभागातला प्रेक्षक कुणाच्या हिशेबात?

श्रोते हो, नमस्कार.

मराठी मालिका बेळगावात घरोघरी पाहिली जाते, पण तिच्या यशाच्या आकड्यात आपण नसतो. प्रेक्षक मोजणारी बार्क ही संस्था मराठी वाहिन्यांची साप्ताहिक यादी महाराष्ट्र-गोवा या बाजारपेठेसाठी काढते. निपाणी, खानापूर पडले कर्नाटकात. जाहिरातदार यादी बघून पैसे लावतो. मग मालिकेच्या मध्यंतरात पुण्याचे फ्लॅट दिसतात, बेळगावातल्या शहापूरच्या साड्या नाहीत.

फोनवर मात्र आपला दुकानदारही जाहिरात देऊ शकतो, आणि तिथेच तो फसतो. समजा, लगीनसराईसाठी फेसबुकवर जाहिरात द्यायची आहे. मराठी गिऱ्हाईक हवं म्हणून ‘महाराष्ट्र’ निवडलं, की बेळगाव बाहेर. ‘मराठी’ भाषा निवडली, तरी घोटाळाच: माणूस घरात काय बोलतो ते यंत्रणेला ठाऊक नसतं, ॲप कोणत्या भाषेत लावलंय ते ती बघते. मराठी बोलून फोन इंग्रजीत ठेवणारे सगळे गळतात. त्यापेक्षा नकाशावर दुकानाच्या जागी खूण करा आणि ३०-४० किलोमीटरचं वर्तुळ घ्या. खानापूर त्यात येतं, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं शिनोळीही येतं. भाषेचा रकाना मोकळा सोडा. मराठी आणि कन्नड अशा दोन वेगळ्या जाहिराती करा, दोन्हींना सारखे पैसे द्या, आठवड्याने कुठून जास्त विचारणा आली ते बघा. एक खबरदारी: वर्तुळात नुकताच येऊन गेलेलाही धरला जातो, म्हणजे पुणे-बंगळूर महामार्गावरचा प्रवासीसुद्धा. पैसे वाया जाताहेत असं वाटलं तर वर्तुळ लहान करा.

माणसं निवडता येतात, तशी वगळताही येतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने दाखवून दिलं, की फेसबुकवर घरांची जाहिरात देताना कृष्णवर्णीयांना वगळायची सोय होती. वंश आणि धर्माशी निगडित बरेच पर्याय कंपनीने २०२२ मध्ये काढले. पण वस्ती निवडून तेच काम साधतं, हे धंद्यातल्यांना पक्कं ठाऊक आहे.

आता पडद्याकडे. तीस सेकंदांच्या जाहिरातीत पात्राची ओळख दोन-तीन सेकंदांत पटवायची असते. म्हणून नऊवारी आणि नथ. म्हणून लुंगी आणि ‘अय्यो’. हिंदी सिनेमात मराठी बाई मोलकरीण, मराठी पुरुष हवालदार. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळी सगळे एकाच ‘मद्रासी’ साच्यात. १९६८ च्या ‘पडोसन’मध्ये मेहमूदने रंगवलेला संगीतशिक्षक आठवा. मेहमूदची अदाकारी झकास, साचा मात्र पुढच्यांनी फुकट वापरला. एखादा विनोद पारखायचा असेल तर त्यातला हेल काढून तेच वाक्य सरळ म्हणून बघा. हसू उरलं, तर विनोद प्रसंगात आहे. नाही तर माणसावरच हसणं चाललंय. पात्राला नाव आहे का, निर्णय कोण घेतं, हेही बघा.

एखादी जाहिरात खटकलीच, तर वाहिनी, तारीख, वेळ आणि मालाचं नाव टिपून ठेवा. फोनवरची असेल तर स्क्रीनशॉट घ्या. तक्रार ॲस्की या जाहिरात मानक परिषदेकडे करता येते. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतला सातवा नियम वंश, जात, वर्ण, पंथ आणि राष्ट्रीयत्व यांची खिल्ली उडवायला मनाई करतो. त्या यादीत भाषा नाही. म्हणून ‘आमच्या भाषेचा अपमान’ एवढंच लिहून थांबू नका. कोणत्या दृश्यात, कोणत्या वाक्याने, कोणत्या समाजाला हीन दाखवलंय, ते नेमकं लिहा.