उमेदवार बाई आणि उडती तबकडी

नमस्कार मंडळी! निवडणूक आली की उमेदवाराच्या भानगडी उकरायला विरोधक टपलेलेच असतात. पण आजच्या कॉमिकमधल्या बाईंची भानगड ना पैशाची, ना प्रेमप्रकरणाची. त्यांना परग्रहवासीयांनी उचलून नेलं होतं! निदान त्यांना तसं आठवतंय.

कॉमिकचं नाव 'सॉसर कंट्री'. लेखन पॉल कॉर्नेल, चित्रं रायन केली, २०१२ साली व्हर्टिगोने काढलेलं. आर्केडिया अल्वाराडो ही अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याची गव्हर्नर. मेक्सिकन वंशाची, घटस्फोटित. राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहायचं घाटत असतानाच ती एका रात्री निर्जन रस्त्यावर, गाडीत, आपल्या आधीच्या नवऱ्यासोबत शुद्धीवर येते. मधला वेळ गायब.

हा गायब वेळ कॉर्नेलच्या मनातला नाही बरं का. सप्टेंबर १९६१, न्यू हॅम्पशायर. बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं सहल आटोपून रात्री गाडीने घरी निघालं होतं. आकाशातला एक दिवा आपल्या मागेमागे येतोय असं त्यांना वाटलं. घरी पोचले तर काही तासांचा हिशेबच लागेना. बेटीचा ड्रेस फाटलेला, बार्नीचे चांगले बूट वरून घासलेले. १९६४ मध्ये डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना वेगवेगळं संमोहित केलं, तेव्हा अपहरणाची अख्खी हकीगत बाहेर आली. आणि खुद्द डॉक्टरांचाच तिच्यावर विश्वास बसला नाही! बेटीला पडलेली स्वप्नं ऐकून ऐकून बार्नीलाही तेच आठवू लागलं असावं, असं त्यांचं मत.

आर्केडियाची गोची नेमकी हीच. जी आठवण स्वतःलाच पटवता येत नाही, ती मतदारांना कशी सांगणार?

आता म्हणाल, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टरनी सांगितलं होतं की. खरंय, गव्हर्नर असताना १९७३ मध्ये त्यांनी आकाशात दिसलेल्या प्रकाशाची लेखी नोंद दिली, आणि १९७६ ची निवडणूक जिंकलेही. पण दिवा दिसणं वेगळं, उचलून नेलं म्हणणं वेगळं. आणि नुसत्या दिव्यांचीही थट्टा होतेच. ॲरिझोनाचे गव्हर्नर फाइफ सिमिंग्टन बघा. १९९७ मध्ये फिनिक्स शहरावर हजारोंनी दिवे पाहिले, तर या गृहस्थांनी पत्रकार परिषदेत आपल्याच सहकाऱ्याला परग्रहवासीयाचा वेश घालून, बेड्या ठोकून आणला. लोक हसले. दहा वर्षांनी, खुर्ची गेल्यावर, म्हणतात कसे, 'मीही पाहिलं होतं.'

कॉमिकमधलं माझं आवडतं पात्र म्हणजे हार्वर्डचे प्राध्यापक जोशुआ किड. त्यांना एक नागडं, इवलंसं जोडपं दिसतं, दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. चेहरे ओळखीचे वाटतात? बरोबर, १९७२ च्या पायोनियर १० अंतराळयानावर परग्रहवासीयांसाठी संदेश म्हणून लावलेल्या पाटीवर कोरलेले स्त्री-पुरुष!

तक्रारही आहे. काही अंकांत तबकडीशास्त्राचा तासच भरतो आणि प्रचार बाजूला राहतो. चौदा अंकांनंतर, २०१३ मध्ये मालिका बंद पडली, धागे लोंबकळत ठेवून. पुढचा भाग 'सॉसर स्टेट' नावाने २०१७ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडे आला. वाचायचं असेल तर 'रन' या पहिल्या खंडापासून सुरुवात करा. विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत गेला होता तो.