जुन्या इंजिनांसाठी नवे हात हवे आहेत

श्रोते हो, नमस्कार.

आपल्या गावाच्या शिवारात, विहिरीच्या काठाला, दगडमातीची एखादी लहानशी खोली अजून उभी असेल. तिचे पत्रे उडालेले असतील, दारात बाभूळ उगवलेली असेल, आणि आत डोकावले तर दोन जड चाकांचे एक इंजिन गंजत पडलेले दिसेल. मोटेवरची बैलजोडी सोडवून ज्याने या मळ्याला पाणी पाजले, ते हे इंजिन. विजेचा पंप बसल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील आम्ही काही माणसे अशी इंजिने, उसाचे चरक, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर दुरुस्त करून पुन्हा चालते करण्यासाठी एकत्र आलो आहोत. आमच्यात शेतकरी आहेत, निवृत्त फिटर आहेत, आणि माझ्यासारखे, सारी नोकरी वर्गात फळ्यासमोर करून उतारवयात पाना हातात धरायला शिकलेले शिक्षकही आहेत. आमची संख्या मात्र फार थोडी आहे, आणि आमच्यातले जाणकार थकत चालले आहेत. म्हणून आपल्यापैकी काहींनी आमच्यात सामील व्हावे, ही विनंती करण्यासाठी मी आज आपल्यासमोर आलो आहे.

हे काम याच भागात व्हावे, असे मला मनापासून वाटते, आणि त्याला कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे तो घ्यायला शेतकरी पुढे येईनात आणि पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिकडे सातारा रोड या गावी धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला आणि १९३०च्या दशकात तेथे डिझेल इंजिने तयार होऊ लागली; हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते, हे आज फार थोड्यांना आठवते. पुण्याजवळ खडकीला १९४६ पासून किर्लोस्करांची ऑइल इंजिने होऊ लागली. यांच्या जोडीला इंग्लंडमधील डर्स्ली गावची लिस्टर कंपनीची इंजिने आली, आणि त्यांच्या नमुन्यावर राजकोटला बनलेली इंजिने तर गावोगाव पोहोचली. हा सगळा इतिहास पुस्तकांत मिळतो. पण ज्या लोखंडात तो घडला, ते लोखंड भंगाराच्या गाडीत चढून भट्टीत जाते आहे. जुने बीड, म्हणजे ओतीव लोखंड, नव्या ओतकामाला उत्तम, त्यामुळे त्याला किलोवर चांगला भाव येतो, आणि दुष्काळाच्या वर्षी तो भाव घेणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही.

यंत्र वाचले तरी ते चालवण्याची विद्या वाचतेच असे नाही, आणि मला खरी काळजी तिची वाटते. लिस्टर पद्धतीचे सहा अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेते. नंतरच्या लहान, चपळ इंजिनांच्या १५०० फेऱ्यांपुढे ही चाल संथच. पण त्यामुळेच त्याचे ठोके, सेकंदाला पाचएक, कानाला वेगवेगळे ऐकू येतात आणि आत काय बिघडले आहे ते जाणकाराला नुसत्या आवाजावरून कळते. ते सुरू करण्याचीही एक रीत आहे. आधी वरचा खटका उचलून झडप उघडी ठेवायची, म्हणजे आतली हवा दाबली जात नाही आणि हँडल हलके फिरते. हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. अंगठ्याने उलटा विळखा घातला आणि इंजिनाने मागे झटका दिला, तर मनगट मोडते. मग चाकांनी पुरेशी गती घेईपर्यंत फिरवत राहायचे आणि कान नोझलकडे ठेवायचे. डिझेल नीट फवारले जाऊ लागले की नोझल बारीक कुरकुर करते. ती ऐकू आल्याशिवाय खटका खाली सोडला, तर सगळा जोर वाया जातो. ही कुरकुर मला आमच्यातल्या ऐंशीच्या घरातील मिस्त्रींनी ऐकवली. हँडल मी फिरवत होतो आणि ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. "आता सोडा, गुरुजी," एवढेच ते म्हणाले. मी खटका सोडला, आणि सतरा वर्षे मुके असलेले ते इंजिन बोलू लागले. पुढे मी माहितीपत्रके पुष्कळ वाचली, पण त्या क्षणी मला जे कळले ते एकाही पत्रकाने मला शिकवले नसते.

आमच्या हातून चुकाही झाल्या आहेत. जाम झालेला एक पिस्टन सुटावा म्हणून त्यात डिझेल आणि रॉकेल ओतून महिनाभर थांबायला मिस्त्रींनी बजावले होते. आम्ही आठव्या दिवशी लाकडी ठोकळा ठेवून घण मारला आणि पिस्टनची कड उडाली. दुसऱ्या एका इंजिनाला बाजारातला नवा बोल्ट बसवताना तो दोन आटे सरळ गेला आणि अडला, तरीही आम्ही पान्याने जोर लावला. इंग्लंडच्या जुन्या यंत्रांचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे, ५५ अंशांच्या कोनाचे असतात आणि आजच्या मेट्रिक बोल्टचे ६० अंशांचे, हे आम्हाला समजले तेव्हा त्या भोकातले मूळ आटे कापले गेले होते. नव्या सभासदाला आम्ही पहिल्या दिवशी या दोन गोष्टी सांगतो आणि तो मोडका पिस्टन त्याच्या हातात देतो.

आता, आम्हाला कोण हवे आहे? इंजिनिअरच हवा असे मुळीच नाही. लेथवर काम करणारी, वेल्डिंग जाणणारी, आयटीआयमध्ये शिकणारी मुलेमुली आली तर आनंदच आहे. झिजलेल्या भागाचा लाकडी साचा करून देणारा सुतार भेटला, तर आमची दोन वर्षे अडलेली कामे मार्गी लागतील. पण गंज खरवडायला, सुट्या केलेल्या भागांना चिठ्ठ्या बांधायला, फोटो काढायला आणि वहीत नोंदी ठेवायलाही माणसे लागतात. ज्या बहिणी पहाटे पाटी डोक्यावर घेऊन इंजिनाच्या गिरणीवर दळण न्यायच्या, रात्री गुऱ्हाळावर चरकात ऊस घालायच्या, त्यांच्या आठवणी कोणीच लिहून घेतलेल्या नाहीत. त्या आठवणी लिहून घेणारी एखादी मुलगी मिळाली, तर मी तिला दहा फिटरांइतकी मोलाची मानीन. वयाची अट नाही. यंत्र मालकीचे असण्याचीही गरज नाही. महिन्यातला एक रविवार आणि तेलाने माखले तरी चालतील असे कपडे, एवढीच आमची अपेक्षा आहे. चालत्या यंत्राजवळ मात्र धोतराचा सोगा, ओढणी किंवा पदर मोकळा चालत नाही. पट्टा फिरू लागला की तो कोणाची गय करत नाही.

आपण येणार असाल, तर या रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकावे. त्यावर आपले नाव, गाव आणि आपल्याला काय येते ते लिहावे; काही येत नसेल तर तसे लिहावे, आम्ही शिकवू. आपल्याकडे यंत्र पडून असेल, तर त्याच्या पट्टीवरचा नंबर कापडाने पुसून जसा दिसेल तसा उतरवून पाठवावा, आणि ते विकायचे ठरलेच असेल, तर भंगारवाल्याला होकार देण्यापूर्वी आम्हाला आठ दिवस द्यावेत. तो देईल तो भाव आम्ही वर्गणी काढून द्यायचा प्रयत्न करू, आणि ते जमले नाही तर निदान यंत्राची मापे आणि ते चालवणाऱ्याचा आवाज तरी टिपून ठेवू. मिस्त्री अजून दर रविवारी शेडवर येतात. पावसाळा सुरू झाला की त्यांना चिखलातून येणे जमणार नाही, म्हणून शक्य तितक्या लवकर लिहावे.

नमस्कार.