फाईल कुठं थांबते

(नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलांसमोर केलेलं भाषण, थोडंसं नीट करून)

संयोजक म्हणाले सर, भ्रष्टाचारावर बोला. मी म्हटलं त्यावर टपरीवर पण तासभर बोलणारे सापडतील, मी महसुलात कारकून म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार होऊन रिटायर झालो, मला फक्त फाईल कळते, तर फाईल कुठं थांबते यावरच बोलतो.

आपल्याला वाटतं लाच म्हणजे चुकीचं काम करून घ्यायचे पैसे. मोठ्या टेंडरात असेल तसं. पण सामान्य माणूस जिथं जातो तिथं पैसे बहुतेक वेळा बरोबर कामाचेच जातात. वडील वारले, वारस नोंद लावायचीय, कागद पूर्ण, पंधरा दिवसांची नोटीस झाली, हरकत कुणाची नाही, म्हणजे नोंद मंजूर व्हायला अडचण काहीच नाही. मग साहेब मीटिंगला गेलेत, सर्व्हर डाऊन आहे, एक त्रुटी निघालीय सोमवारी या. लांबच्या पाड्यावरून माणूस आलेला असतो, त्याची त्या दिवसाची मजुरी गेलेली असते, तिसऱ्या खेपेला तोच हळूच विचारतो, भाऊसाहेब काय असेल ते सांगा ना. कुणी मागितलेलं नसतं बरं का! विकायला ठेवलेला असतो तो उशीर.

आता कायदे बघू, तुम्हाला पाठ असतीलच. लोकायुक्ताचा, म्हणजे मंत्री-अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्याचा, कायदा आपल्याकडं १९७१ चा, आणि १९७२ ला प्रत्यक्ष लोकायुक्त नेमणारं पहिलं राज्य आपलंच, अभिमान वाटायला हरकत नाही. पण तो लोकायुक्त शिफारस करणार, अहवाल राज्यपालांना देणार, आणि मुख्यमंत्री त्याच्या कक्षेतच नाही. नवीन विधेयकात मुख्यमंत्री आले, ते विधानसभेत २०२२ च्या डिसेंबरात आणि विधान परिषदेत २०२३ च्या डिसेंबरात पास झालं, फक्त मुख्यमंत्र्यांची चौकशी करायची तर विधानसभेची दोन तृतीयांश मंजुरी पाहिजे. मुख्यमंत्री तोच होतो ज्याच्यामागं बहुमत आहे. पुढचं गणित तुम्ही करा, तुमचा सीसॅट, तो गणित-तर्काचा पेपर, चांगला असतो म्हणे.

माहिती अधिकार सगळ्यांना माहीत आहे, दिल्लीचा २००५ चा यायच्या आधीच आपल्याकडं स्वतःचा होता. अण्णा हजारेंच्या उपोषणांमुळं त्याचं नाव झालं. पण त्याच आंदोलनांतून अजून एक कायदा आला, २००५ चा, लागू झाला १ जुलै २००६ ला, त्याचं नाव कुणाला येतं? (दोन हात वर.) बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यं पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध. नाव एवढं लांब की ते घेतानाच विलंब होतो. पण आत काय लिहिलंय बघा, साधारणपणे कुठल्याही टेबलावर फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये, आणि दुसऱ्या खात्याचा संबंध नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय. मी म्हणतो लाचेच्या मुळावर घाव घालणारा कायदा हाच. आणि इतक्या वर्षांत त्याच्याखाली कारवाई झालेला एकही माणूस माझ्या पाहण्यात नाही.

का नाही, तर त्याच कायद्याचा पहिला अर्धा भाग बदल्यांचा आहे. तीन वर्षं एका जागी, बदल्या एप्रिल-मेमध्ये. पण विशेष कारण लेखी नोंदवून, वरची मंजुरी घेऊन मधेच बदली करता येते, आणि विशेष कारणं आपल्याकडं बारमाही पिकतात. क्रीम पोस्टिंग, म्हणजे मलईची जागा, टिकवायची असेल तर वरच्याची मर्जी लागते, मग वरचा सांगेल ती फाईल थांबते. मी पण थांबवल्यात, खोटं बोलणार नाही. पैशासाठी नाही, धाकानं. समोरच्या माणसाला त्यानं काय फरक पडतो?

आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या, २०१२ ला इथल्या अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचनातल्या गैरप्रकारांवर थेट मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना पत्र लिहिलं. त्याच वर्षी, दहा वर्षांत सत्तर हजार कोटी खर्चून सिंचन वाढलं ०.१ टक्का, हा आकडा गाजला, श्वेतपत्रिका निघाली, मग चौकशीला चितळे समिती. आतल्या माणसानं सही करून लिहिलं तर काय होतं ते तेव्हा दिसलं, पण अशी पत्रं किती लिहिली जातात?

राहिलं अँटी करप्शन, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक खातं. १०६४ ला फोन करा, पडताळणी होते, पंच येतात, नोटांना अँथ्रासिन पावडर लावतात, नोट घेतली की अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली हात चमकतो. पेपरात फोटो येतो. पण कोर्टात खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, २०१८ च्या दुरुस्तीत तीन महिन्यांत द्या म्हटलंय, आणि ती मंजुरी म्हणजे काय, परत एक फाईल, परत कुणाच्या तरी टेबलावर. त्याच दुरुस्तीनं लाच देणारा पण गुन्हेगार झाला, जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचं. आता गरजेपोटी देऊन बसलेला माणूस कशाला बोंबलेल?

त्यामुळं मी घरी, सोसायटीत, लग्नात सुद्धा एकच सांगत सुटतो (बायको वैतागते), अर्ज दिला की त्याची पोच घ्या. २०१५ चा सेवा हक्क कायदा आहे, सेवा यादीत असेल तर तिला किती दिवस ते ठरलेलं आहे, उशीर झाला की अपील, अधिकाऱ्याला दंड पाचशे ते पाच हजार. दंड किरकोळ आहे, पण पोच क्रमांक आणि तारीख असली की उशीर कागदावर येतो, आणि कागदावर आलेला उशीर विकता येत नाही हो.

शेवटी एका पोरानं विचारलंच, सर तुम्ही कधी घेतलं का?

पैसे नाही. एका फेब्रुवारीत पिंपळगावकडचा एक बागायतदार घरी द्राक्षांची पेटी ठेवून गेला, मी ऑफिसात होतो. वर्तणूक नियम मला पाठ होते. परत पाठवायला पाहिजे होती, पण मुलांनी उघडली होती. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रकरण मी गठ्ठ्यातून वर काढलं. त्याचं काम नियमातलंच होतं. गठ्ठ्यात त्याच्या वर कुणाचं होतं ते मी तेव्हा बघितलं पण नाही.