लहान खाऱ्या टँकसाठी प्रवाळांची निवड

श्रोतेहो, नमस्कार.

चाळीस-पन्नास लिटर खारे पाणी मावेल एवढ्या काचेच्या टँकमध्ये प्रवाळ वाढवायचे आहे, पण खर्च मात्र हात राखून करायचा आहे, अशा मंडळींशी मला आज बोलायचे आहे. टँक, मीठ, पंप आणि दिवा तुमच्याकडे आहेत आणि पाण्यातील अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले आहेत, असे मी धरून चालतो. त्याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढे थांबण्याला दुसरा पर्याय नाही.

विकत घेताना प्रवाळाला जी किंमत मोजावी लागते, तिच्यावरून ते स्वस्त की महाग हे ठरत नाही. प्रवाळ हा प्राणी आहे आणि घरी आल्यापासून त्याला रोज प्रकाश, वाहते पाणी, क्षार, अन्न आणि जागा लागते. तुमच्याकडे आधीच असलेल्या साधनांवर जे जगते ते स्वस्त. ज्याच्यासाठी नवा दिवा आणि क्षारांची मात्रा सोडणारा पंप घ्यावा लागतो, ते फुकट मिळाले तरी महाग पडते.

या कसोटीवर अ‍ॅक्रोपोरासारखी बारीक पॉलिपांची (पॉलिप म्हणजे प्रवाळाचा एकेक तोंड-स्पर्शिकांचा जीव) दगडी प्रवाळे, ज्यांना हौशी मंडळी ‘एसपीएस’ म्हणतात, सुरुवातीलाच बाजूला ठेवावीत. त्यांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्यासाठी लागणारा सगळा माल ती पाण्यातूनच उचलतात. त्यामुळे कॅल्शियम दर लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि अल्कता, म्हणजे पाण्यातील कार्बोनेटांचे प्रमाण, ८ ते ९ डीकेएच (हे तिचे माप) यांच्या आसपास, तीही फारशी न हलता, राखावी लागते. लहान टँकमध्ये नेमके हे स्थैर्यच अवघड असते. चाळीस लिटरांतून एक लिटर पाणी वाफ होऊन गेले की क्षारता हजारी ३५ वरून जवळजवळ ३६ वर जाते, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचे नव्हे तर गोडे, गाळलेले आरओ पाणी घालायचे असते, हे विसरणारे पुष्कळ असतात.

मऊ प्रवाळांना असा दगडी सांगाडा नसतो. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले, तर नव्या मिठाबरोबर येणारे क्षार त्यांना पुरतात आणि वेगळी औषधे लागत नाहीत. त्यांत माझी पहिली पसंती मशरूमला आहे. डिस्कोसोमा जातीचे मशरूम मंद प्रकाशात, संथ पाण्यात, टँकच्या तळाशीही सुखाने राहते, आणि त्याचे दोन तुकडे केले तर बहुधा दोन्ही जगतात, म्हणजे पुढची खरेदी घरातच होते. झोअँथस हे दुसरे. त्याच्या रंगीत प्रकारांना भारी नावे देऊन एकेका पॉलिपचा भाव सांगितला जातो. नावामुळे प्रवाळाच्या प्रकृतीत काडीचाही फरक पडत नाही, तेव्हा साध्या हिरव्या-तपकिरी झोअँथसवर समाधान मानावे. मात्र या कुळातील काही प्रवाळांत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. ती हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा आणि ती चिकटलेला दगड कधीही उकळू नये, कारण वाफेबरोबर ते विष श्वासात जाऊन माणसे गंभीर आजारी पडलेली आहेत.

ग्रीन स्टार पॉलिप आणि धडधडणारे झेनिया दिसायला लोभस आहेत, स्वस्तही आहेत. पण दोन्ही गवतासारखी पसरतात. त्यांना मुख्य खडकापासून सुटा, वाळूने वेढलेला एक दगड द्यावा.

दगडी प्रवाळाची हौसच असेल, तर मोठ्या पॉलिपांच्या, म्हणजे ‘एलपीएस’ गटातील डंकन किंवा कँडी केन यांपैकी एक घ्यावे. हॅमर आणि टॉर्च ही प्रवाळे सुंदर आहेत, परंतु ती रात्री लांब दंशस्पर्शिका सोडून शेजाऱ्याला जाळतात आणि त्यांच्या भोवती पंधरा सेंटिमीटर तरी जागा मोकळी ठेवावी लागते. चाळीस सेंटिमीटर लांबीच्या टँकमध्ये एवढी जागा एकट्याला देणे परवडते का, याचा विचार आधी करावा.

खरा चकवा सन कोरलचा. त्याचा नारिंगी रंग नजर खिळवतो आणि अनेकदा ते कमी किमतीत मिळते. पण बहुतेक प्रवाळांच्या पेशींत राहून प्रकाशापासून अन्न बनवणारी सूक्ष्म शैवाले त्याच्यात नसतात. त्याच्या पॉलिपांना वरचेवर हाताने भरवावे लागते आणि उरलेले अन्न एवढ्याशा पाण्यात कुजते. कार्नेशन प्रवाळाची गोष्ट तर याहून बिकट. ते घरच्या टँकमध्ये सहसा उपाशीच मरते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पूर्ण वाढलेल्या वसाहतीऐवजी ‘फ्रॅग’, म्हणजे छाटून लावलेला छोटा तुकडा घ्यावा, आणि तोही टँकमध्येच वाढवलेल्या प्रवाळाचा. असा तुकडा बंदिस्त पाण्याला सरावलेला असतो आणि त्यासाठी समुद्रातील खडक फोडावा लागत नाही. दगडी प्रवाळांच्या सर्व जाती सायटीस, म्हणजे धोक्यातील वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यामुळे देशाबाहेरून आलेल्या तुकड्याची कागदपत्रे विचारणे आणि आपल्या देशाचा कायदा पाहून घेणे हा खरेदीचाच भाग आहे. निळ्या दिव्याखाली प्रवाळातील प्रथिने चमकतात आणि सारेच तुकडे अमोल वाटतात. म्हणून विक्रेत्याला पांढरा दिवा लावायला सांगावे. मांस सांगाड्यापासून सुटून पांढरी कड दिसत असेल, किंवा बुडाशी आयप्टेशिया नावाचे लहानसे तपकिरी अ‍ॅनिमोन, म्हणजे प्रवाळाचाच दंश करणारा नातलग, चिकटले असेल, तर तो तुकडा तिथेच सोडावा. आयप्टेशिया एकदा टँकमध्ये शिरले की उपटून जात नाही; उरलेल्या कणातूनही ते पुन्हा वाढते.

घरी आणल्यावर तुकडा प्रवाळांसाठीच्या डिपमध्ये, म्हणजे कीड काढणाऱ्या द्रावणात, बुडवून काढावा, पहिले काही दिवस टँकच्या तळाशी ठेवावा आणि मग आठवड्याभरात हळूहळू हव्या त्या उंचीवर न्यावा. एकदम दिव्याखाली ठेवलेले प्रवाळ पांढरे पडते. जागा पक्की ठरेपर्यंत गोंद लावू नये. ठरली की सायनोअ‍ॅक्रिलेटचा घट्ट जेल गोंद पाण्याखालीही धरतो. दुसरा तुकडा आणण्यापूर्वी निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि त्या काळात दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्चच्या उजेडात टँक पाहावा. कोणाच्या स्पर्शिका कुठवर पोचतात आणि दगडाआडून कोण बाहेर येऊन पॉलिप कुरतडते, हे त्याच वेळी दिसते.

नमस्कार.