पाकोळीचे दार आणि वेलीची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

इमारतीची बाहेरची भिंत आपण ऊन, वारा आणि पाऊस अडवण्यासाठी बांधतो. तिच्या फटीत रोप उगवले किंवा पक्ष्याने घरटे केले, की ती दुरुस्तीची बाब ठरते. वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव आणि माणूस अशा चौघांनाही रहिवासी मानून हे बाह्यांग संगणकाच्या मदतीने कसे रचता येईल, या प्रश्नावर युरोपीय महासंघाच्या अर्थसाहाय्याने २०२१ साली 'इकोलोप्स' हा संशोधन प्रकल्प सुरू झाला.

संगणक यात काय करतो? इमारतीच्या त्रिमितीय प्रतिकृतीचे तो लहान लहान घनांत विभाजन करतो आणि कुठे किती तास ऊन पडेल, मातीचा थर किती जाड ठेवता येईल, पाणी मुरेल की वाहून जाईल, हे घनागणिक नोंदवतो. मग कोणती जात कुठे तगेल, हे त्या नोंदींशी ताडून पाहता येते.

पाकोळीचेच पाहा. तिच्या पायांची चारही बोटे पुढे वळलेली असतात. त्यामुळे ती उभ्या भिंतीला बिलगते, पण जमिनीवरून तिला सहज उडता येत नाही. घरट्यातून ती सरळ खाली झेपावते आणि मगच पंख सावरते. म्हणून तिला उंचावरचे, जेमतेम ३ सेंटिमीटर उंचीचे छिद्र पुरते. मात्र त्याखालची हवा मोकळी हवी. त्याच भिंतीवर कीटकांसाठी वेल चढवली, तर पाकोळीची झेप अडते, आणि उंदरांना आयती शिडी मिळते ती वेगळीच! केवळ हिरवे क्षेत्रफळ मोजणाऱ्या आराखड्यात हा तंटा दिसतच नाही, आणि माझ्या मते अशा आराखड्यांची खरी उणीव हीच आहे.

दोघींच्या गरजा नियम म्हणून मांडल्या, तर संगणक वेल शेजारच्या भिंतीवर नेणारे, छिद्र वर सरकवणारे किंवा सज्जाची ठेवण बदलणारे अनेक पर्याय पुढे ठेवतो. त्यांतला एकही सर्वांच्या दृष्टीने सर्वोत्तम नसतो. कोणाला किती झुकते माप द्यायचे, हे माणसालाच ठरवावे लागते.

आराखडा मंजूर झाल्यावरही एक नोंद उरते. दुरुस्ती विणीच्या हंगामाबाहेर करायची आणि ठरावीक छिद्रे उघडी ठेवायची, हे गिलावा करणाऱ्या गवंड्यापर्यंत पोहोचायला हवे. नाहीतर तो आपले काम चोख बजावून ती सगळी बुजवून टाकेल.